पुसून टाकलेला हुंकार

माझ्या दाजींच्या दुकानात एक लोखंडी कपाट आहे आणि त्याच्या दारावर खडूनं 'कच्चं' असं लिहिलेलं आहे. आत सीड्यांची चळत आहे. प्रत्येकीवर तारीख आणि ती कुणाच्या रेकॉर्डवरून घेतली त्याची खूण. 'कच्चं काम दुकानात ठेवायचं नाही' हा नियम ज्या माणसानं अर्धं आयुष्य पाळला, त्याच्याकडे हे कपाट कसं आलं, ते मला सांगायचंय. पण मी कुणाचं सहजासहजी कौतुक करणाऱ्यातला नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरतो. सवय अशी की लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा मला आधी चुका दिसतात, मग नवरा-नवरी. माझी बायको म्हणते की तुमच्या तोंडून 'छान' ऐकायला माणसाला आजारी पडावं लागतं. तर असा मी, आणि दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान.

दाजींना सगळा बाजार 'सुईवाले' म्हणतो. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान आहे. रेकॉर्ड प्लेअर आणि सीडी प्लेअर दुरुस्त करण्याचं. डाव्या भिंतीला रेकॉर्डची यंत्रं, उजव्या भिंतीला सीडीची, आणि मधे एक लांब टेबल. दोन्ही भिंती एकमेकींची तोंडं बघत नाहीत, असं ताई म्हणते. टेबलावर एक दिवा, एक भिंग, कापसाचे बोळे, स्पिरिटची बाटली आणि पुठ्ठे. पुठ्ठ्यांचं सांगायलाच हवं. यंत्र उघडायच्या आधी दाजी पुठ्ठ्यावर त्याचं चित्र काढतात आणि जो स्क्रू जिथून निघेल तो चित्रात तिथंच टोचून ठेवतात. चहा सांडला, पुठ्ठा उचलून आपटला, तरी स्क्रू जागचा हलत नाही. आजवर त्यांच्या हातून एकही स्क्रू उरलेला नाही. माझ्या घरचा पंखा दुरुस्त करून गेलेल्या माणसाचे तीन उरले होते, म्हणून मला याचं अप्रूप.

तरुणपणी दाजी रेकॉर्ड प्लेअरच्या कारखान्यात होते. तिथे अठरा वर्षं त्यांनी एकच काम केलं. सुई रेकॉर्डवर जितक्या भारानं टेकायला हवी तितक्याच भारानं टेकते की नाही, हे प्रत्येक यंत्रावर बघायचं आणि जमवून द्यायचं. भार कमी पडला तर सुई उडते, जास्त झाला तर रेकॉर्ड खरवडते. मग सीड्या आल्या आणि कारखान्याला टाळं लागलं. बरोबरचे लोक सीडीला शिव्या घालत घरी बसले. दाजींनी मात्र एक बिघडलेला सीडी प्लेअर मिळवला, टेबलावर ठेवला, पुठ्ठा घेतला आणि चित्र काढायला बसले. चाळिशीला आलेला माणूस ज्या वस्तूनं आपल्या पोटावर पाय दिला तीच शिकायला बसला. ताई सांगते, तीन आठवडे ते त्या यंत्राशी बोलत होते आणि तिच्याशी नाही.

आमच्या दोघांत रेकॉर्ड की सीडी हा वाद वीस वर्षं चालला. मी सीडीवाला. बटण दाबलं की चौथं गाणं, पुन्हा दाबलं की सातवं. खरखर नाही, वीस मिनिटांनी उठून बाजू उलटायची कटकट नाही. खुर्चीतून उठायला न लावणाऱ्या प्रत्येक वस्तूबद्दल मला मनापासून आदर आहे. समोरच्या घरात निवृत्त पोस्टमास्तर राहतात, ते कट्टर रेकॉर्डवाले. त्यांच्या मते सीडीतलं संगीत म्हणजे बर्फात ठेवलेलं फूल. आम्ही दोघं दर रविवारी दाजींच्या दुकानात बसून भांडायचो आणि दाजी दोघांची यंत्रं दुरुस्त करायचे.

"तुमचं मत काय ते एकदा सांगून टाका ना," मी एकदा वैतागून म्हणालो.

"मेहुणे, माझ्याकडे येऊन लोक रोज हेच विचारतात," दाजी म्हणाले. "मी त्यांना विचारतो, तुम्ही बसून ऐकता की कामं करता करता? बसून ऐकत असाल तर रेकॉर्ड. ती तुम्हाला उठू देत नाही. कामं करत असाल तर सीडी. ती तुम्हाला अडवत नाही."

"हे म्हणजे काहीच न सांगणं झालं."

"मग परीक्षाच घेऊ," असं म्हणून त्यांनी खोलीत पडदा बांधला. एकच व्हायोलिनवादन एकदा रेकॉर्डवरून, एकदा सीडीवरून वाजवलं आणि कोणतं काय ते ओळखायला सांगितलं. मी छातीठोकपणे पहिलं सीडी म्हणून सांगितलं. पोस्टमास्तरांनीही पहिलं सीडी म्हणूनच सांगितलं, फक्त नाक मुरडून. पडदा सरकवला तर पहिली रेकॉर्ड होती. दाजींनी ती इतकी धुतली-पुसली होती, सुई इतकी नेमकी बसवली होती की नावाला खरखर उरली नव्हती. आम्ही दोघं वीस वर्षांत पहिल्यांदा एका बाजूला आलो आणि दोघंही तोंडघशी पडलो. पोस्टमास्तर पुढचे दोन रविवार फिरकले नाहीत.

दाजी त्या दिवशी लहान मुलासारखे खूश होते. खरखर काढणं हा त्यांचा अभिमान होता. लोक जुन्या रेकॉर्ड घेऊन यायचे, त्यांची सीडी करून मागायचे. दाजी रेकॉर्ड वाजवून आवाज संगणकात घ्यायचे, मग एकेक टकटक, एकेक ओरखडा वेचून काढायचे. तांदूळ निवडावे तसं. काम पूर्ण झालं की संगणकातलं पहिलं, न निवडलेलं, पुसून टाकायचे. कच्चं काम दुकानात ठेवायचं नाही. आणि सीडी तयार झाली की त्यांचा एक रिवाज होता. पहिल्यांदा बटण गिऱ्हाइकानंच दाबायचं. "वस्तू तुमची, आवाज तुमचा, मी कशाला मधे?" असं म्हणायचे. बहुतेक लोक लाजत लाजत दाबायचे.

आता चष्मेवाल्या बाईंकडे वळतो. दोन गल्ल्या सोडून त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. साठीच्या आसपासच्या, एकट्या, सडसडीत. माझ्या धंद्यामुळे वर्षातून एकदा माझा नंबर वाढतो आणि मी त्यांच्याकडे जातो. गप्पा मारणं त्यांच्या स्वभावात नाही. नाकावर ती जड लोखंडी चौकट ठेवतात, काच घालतात आणि 'हं' म्हणतात. म्हणजे वाचा. दुसरी काच घालतात, 'हं.' शेवट थोडा वर उचललेला. अर्ध्या तासात त्या दुसरं फारसं बोलत नाहीत आणि तरी आपल्याला काय दिसतं ते त्यांना आपल्याआधी कळतं.

एका शनिवारी दुपारी मी दाजींकडे बसलो असताना त्या आल्या. हातात उशीचा अभ्रा, आणि अभ्र्यात एक रेकॉर्ड. बाजारात मिळते तसली नव्हती. पूर्वी छोट्या स्टुडिओत माणसाला बसवून त्याच्यासमोरच आवाज तबकडीवर कोरून द्यायचे, तसली. ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्याच्यावर काळ्या लाखेसारखा थर. जगात तिची दुसरी प्रत नसते.

"माझे वडील व्हायोलिन शिकवायचे," बाई म्हणाल्या. "हे त्यांचं वाजवणं. मी तेव्हा दोन वर्षांची होते."

दाजींनी रेकॉर्ड दिव्याखाली धरली, तिरकी केली, भिंगातून कडेनं फिरवली. 

"थर सुटायला लागलाय," ते म्हणाले. "कडेला भेगा आहेत. एकदा नीट वाजेल. दुसऱ्यांदा मी भरवसा देत नाही."

"घरी आम्ही वर्षातून एकदाच लावायचो. माझ्या वाढदिवसाला. झिजेल म्हणून वडील जास्त लावू द्यायचे नाहीत. मग यंत्र बिघडलं, वडील गेले, आणि राहूनच गेलं." बाईंनी रिकाम्या अभ्र्याची घडी घातली. "आवाज नीट येऊ दे, एवढंच."

"आरशासारखा करून देतो," दाजी म्हणाले.

बाईंनी आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. मी तिथे नसतो तर त्या बोलल्या असत्या, असं मला अजून वाटतं.

दाजींनी त्या रेकॉर्डवर दहा दिवस घातले. मधेच मला बोलावून ऐकवलं. आधीचं म्हणजे पावसात कुणी व्हायोलिन वाजवावं तसं, नंतरचं म्हणजे आपल्या शेजारी बसून. माझ्या तोंडून चक्क 'छान' निघालं. ताईनं आतून विचारलं, "बरं वाटतंय ना रे तुला?"

बाई आल्या. दाजींनी खुर्ची दिली, सीडी घातली आणि म्हणाले, "बटण तुम्ही दाबा." बाईंनी दाबलं. लगेच व्हायोलिन सुरू झालं, स्वच्छ, रुंद, मधाळ. चार मिनिटं आम्ही कुणी हललो नाही. संपल्यावर मला वाटलं, आता बाई रडतील किंवा हात जोडतील. त्यांनी विचारलं, "याची सुरुवात कुठंय?"

"हीच सुरुवात."

"नाही. याच्या आधी."

"आधी नुसती खरखर होती, चार-पाच सेकंद," दाजी अभिमानानं म्हणाले. "कुणाचातरी हुंकार पण होता. सगळं काढून टाकलं."

बाई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या. आवाज चढला नाही, उलट उतरला.

"तो हुंकार माझ्या आईचा होता," त्या म्हणाल्या. "वडील वाजवायचे तेव्हा ती शेजारी बसून स्वरलिपीची पानं उलटायची. ती 'हं' म्हणाली की ते सुरू करायचे. मी चार वर्षांची असताना ती गेली. फोटो आहेत तिचे. आवाज कुठेच नाही. एवढाच होता. मी वर्षभर थांबायचे त्यासाठी. व्हायोलिन सुरू झालं की माझा वाढदिवस संपायचा."

मी दाजींकडे बघू शकलो नाही. आणि खरं सांगतो, माझ्या डोक्यात तोवर दहा सबबी तयार झाल्या होत्या. तुम्ही आधी सांगायला हवं होतं. तुम्हीच म्हणालात आवाज नीट येऊ दे. जे मजकुरात नाही ते काढणं हे तर माझंही रोजचं काम. छापखान्यात याच सबबींवर मी तीस वर्षं तगलोय.

दाजींनी एकही वापरली नाही. ते उठून बाईंच्या समोर उभे राहिले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "ते मी ऐकलं होतं. ऐकूनही, कुणाचं आहे हे तुम्हाला विचारलं नाही. आणि कच्चं पुसून टाकलंय. माझ्याकडे ते नाही."

त्यांनी तिथल्या तिथे त्यांच्या मुलीला, माझ्या भाचीला, फोन लावला. ती संगणकातच काम करते. तिनं तासभर दुरून काय काय करून बघितलं आणि शेवटी हात टेकले. त्या जागेवर बाबांनी मधल्या दिवसांत दुसरी सहा कामं करून ठेवलीत, म्हणाली, आता खाली काही उरलं नाही.

राहिली ती रेकॉर्ड. दाजींनी ती काढली आणि दिव्याखाली धरली. पहिल्यांदा वाजवल्यावर कडेचा थर आणखी सुटला होता. नखाएवढा एक तुकडा वर वळला होता, एका बाजूनं चिकटलेला, दुसऱ्या बाजूनं मोकळा. नेमका सुरुवातीच्या फेऱ्यांवर.

"पुन्हा वाजवली तर हा तुकडा निघणार," दाजी म्हणाले. "हुंकाराच्या आधी निघाला तर तो कायमचा गेला. नंतर निघाला तर मिळेल. नाही वाजवली तर तो तिथेच राहील, पण कुणाला ऐकू येणार नाही. काय करायचं ते तुम्ही सांगा. मी एकदा तुमच्या वतीनं ठरवलं, आता नाही ठरवणार."

बाईंनी त्या वळलेल्या तुकड्याकडे बघितलं. "तुम्हाला तयारीला किती दिवस लागतील?" त्यांनी विचारलं. मला तेव्हा त्या दोघांचाही हेवा वाटला.

दाजींनी आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत दुकानाचं दार अर्धंच उघडं असायचं. त्यांनी ठरवलं ते असं. रेकॉर्ड निम्म्याहून कमी वेगानं फिरवायची, म्हणजे सुईचा धक्का कमी बसेल. नंतर संगणकात वेग मूळचा करून घ्यायचा. आणि तो तुकडा सुईखाली येण्याआधी मऊ कुंचल्यानं वरून हलकेच दाबायचा, सुई पुढे गेली की कुंचला उचलायचा. तसाच टेकवून ठेवला तर त्याचे केस तुकड्याच्या मोकळ्या कडेत अडकून तोच तुकडा ओढून काढणार. म्हणजे दर दोन सेकंदांनी एकदा खाली, एकदा वर. सराव म्हणून त्यांनी टाकाऊ रेकॉर्डवर पातळ कागदाचे वळलेले तुकडे चिकटवले आणि कुंचला चालवला. पहिल्या दिवशी अकरा तुकडे फाटले. मी मोजले, कारण चुका मोजणं मला येतं. सहाव्या दिवशी एक फाटला. सातव्या दिवशी एकही नाही. सदुसष्टाव्या वर्षी त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता.

"एवढं कशाला लावून घेता?" मी म्हणालो. "त्यांनी तर एका शब्दानं दोष दिला नाही तुम्हाला."

"म्हणूनच," ते म्हणाले. मग कुंचला खाली ठेवून म्हणाले, "मेहुणे, तुमच्या त्या वादाचं उत्तर मला आत्ता सुचतंय. रेकॉर्ड झिजते, म्हणून माणूस ती लावताना विचार करतो. सीडी झिजत नाही. म्हणून तिच्यात काय भरायचं आणि काय नाही, याचा विचार आधी करायला हवा. तोच माझ्याकडून राहिला."

रविवारी सकाळी बाई आल्या. सोबत त्यांच्या दुकानातलं सगळ्यात चांगलं भिंग, डोक्याला पट्ट्यानं बांधायचं. दाजींनी फ्रिज बंद करवला, पंखा बंद करवला. जिन्यावरून कुणी धाडधाड उतरलं की टेबल हलतं, सुई उडते. वरच्या मजल्यावर एक सायकलवाले राहतात, ते दर रविवारी सायकल खांद्यावर घेऊन पायऱ्या मोजत उतरतात, आणि मोजणी पायानं ऐकवतात. म्हणून ताई स्टूल घेऊन जिन्याच्या तोंडाशी बसली. "मी उठेपर्यंत कुणी उतरणार नाही," तिनं जाहीर केलं. माझ्या बहिणीला मी ओळखतो. त्या जिन्यावरून त्या दिवशी मुंगीही उतरली नसती. दार लोटून घेतलं.

"एक अडचण आहे," दाजी म्हणाले. "माझी नजर सुईवर असणार. तुकडा फिरत आला की कुणीतरी मला सांगायला हवं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

"मी सांगते," बाई म्हणाल्या. "बारीक बघणं हाच माझा धंदा आहे." त्यांनी भिंग डोक्याला बांधलं आणि दाजींच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

रेकॉर्ड फिरायला लागली. दाजींनी डाव्या हातानं सुई अगदी कडेला टेकवली, उजव्या हातात कुंचला. स्पीकरमधून जाड, संथ खरखर सुरू झाली, जड पेटी फरशीवरून ओढावी तशी.

"हं," बाई म्हणाल्या. कुंचला टेकला, उचलला. तुकडा सुईखालून शाबूत गेला.

"हं." टेकला, उचलला.

"हं."

मी दाराला पाठ लावून उभा होतो. दोन सेकंद, हं. दोन सेकंद, हं. दोघांपैकी कुणीही मान वर करत नव्हतं. पाचव्या की सहाव्या फेरीला त्या खरखरीतून काहीतरी खोल, घोगरं आलं, बैलानं श्वास सोडावा तसं, आणि गेलं. ते काय होतं ते कुणालाच कळलं नाही. "हं," बाई म्हणाल्याच. सातव्या फेरीला तुकडा कुंचल्याखालून निसटला, सुईनं तो उचलला, एक टच्च आवाज झाला आणि तुकडा उडून टेबलावर पडला. दाजींनी त्याच क्षणी सुई वर घेतली. रेकॉर्डच्या कडेला नखाएवढा पत्रा उघडा पडून चमकत होता.

"आता ही पुन्हा कधीच वाजणार नाही," दाजी म्हणाले. "व्हायोलिन सीडीवर आहे. बाकीचं, असेल तर यात."

ते संगणकाकडे वळले आणि वेग मूळचा करायला घेतला. दोनेक मिनिटं लागली. बाईंनी डोक्यावरचं भिंग काढलं नव्हतं, त्यांना त्याचं भानच नव्हतं. मग दाजी उठले, खुर्ची बाईंच्या दिशेनं फिरवली, आणि म्हणाले, "मी काहीही काढलेलं नाही. एक ओरखडाही नाही. बटण तुम्ही दाबा."

बाईंनी बोट पुढे केलं. दाबलं.

खरखर. पावसासारखी, बारीक, भरभर. मी मनात मोजत होतो, एक, दोन, तीन. चार.

'हं.'

छोटा, तरुण, शेवट थोडा वर उचललेला. आणि त्याच्यामागून व्हायोलिनचा पहिला सूर निघतो न निघतो तोच टच्च, आणि संपलं.

मला आधी वाटलं, बाईच बोलल्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. दाजींनीही त्यांच्याकडेच बघितलं होतं. बाईंचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्या स्पीकरच्या दोन पेट्यांकडे बघत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. एक, दोन, तीन, चार.

'हं.'

तेवढ्यात दाराबाहेर जिन्यावर पावलं वाजली आणि ताईचा दरडावलेला आवाज आला.

"थांबा! खाली यायचं नाही अजून. काम चाललंय आत."

"अहो वहिनी, अर्धा तास झाला," सायकलवाले कुरकुरले.

"मग होऊ दे. बाई अजून 'हं' म्हणतायत त्यांना, ऐकू येत नाही का? त्यांचं थांबलं की मग उतरा."

आत बाईंनी हळूच स्वतःच्या गळ्याला हात लावला. मग त्यांनी दाजींकडे बघितलं, खरं का, असं विचारल्यासारखं. दाजींनी होकारार्थी मान हलवली.

"माझं?" त्या म्हणाल्या.

"तुमचंच," दाजी म्हणाले. "मघापासून मी तुमच्या आईच्या इशाऱ्यावर कुंचला चालवत होतो."

आजवर मी एवढी पुस्तकं तपासली, पण त्या क्षणी त्या खोलीत दुरुस्त करण्यासारखं मला काही सापडलं नाही. मी दार उघडून ताईला झालं म्हणून सांगायला निघालो, तर दाजींनी हातानं थांबवलं.

"राहू द्या, मेहुणे," ते म्हणाले. "बसू दे तिला आणखी थोडा वेळ. बाई, दाबा पुन्हा."